घरात बिअर उकळताना वाफेची आणि ओलीची सोय कशी लावावी

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात स्वयंपाकघरात बिअर बनवणाऱ्यांच्या घरी एकच प्रकार पुन्हा पुन्हा होतो. उकळी फुटून दहा मिनिटं होत नाहीत तोच काचांना घाम फुटतो, वरच्या कपाटांच्या कडांवरून पाणी टपकायला लागतं, आणि कुणीतरी धावत जाऊन खिडकी सताड उघडतं. वारा आत शिरतो आणि सगळी वाफ जिन्याने वर बेडरूममध्ये. महिन्याभराने कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसते तेव्हा तिचा बिअरशी संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मग डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) आणला जातो, म्हणजे जे सगळ्यात शेवटी करायचं ते सगळ्यात आधी.

खरा क्रम असा: आधी वाफच कमी करा, उरलेली भांड्यावरच पकडा, बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा येईल अशी वाट ठेवा, आणि जी थोडी ओल राहील ती शेवटी वाळवा. यातली एक पायरी गाळली की पुढच्या पायरीवर दुप्पट भार पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा लेख जिथे स्वतःपुरती बिअर घरी बनवायला मुभा आहे तिथल्या मराठी मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात हे प्रयोग नकोत.

## हिशोब आधी, खरेदी नंतर

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या भांड्यात, २३ लिटर (म्हणजे इथले ४० पिंट) बिअर पडायची असेल तर उकळीच्या सुरुवातीला भांड्यात २७-२८ लिटर वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड काढा) असतं. २.४ किलोवॅटची विजेची कॉइल पूर्ण ताकदीवर ठेवली तर ती तासाला जास्तीत जास्त ३.८ लिटर पाणी उडवू शकते. भांड्याच्या अंगातूनही उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात तीन लिटर धरा. तीन लिटर पाण्याची १०० अंशांवर जवळजवळ ५,००० लिटर वाफ होते.

आता खोली बघू. ३ बाय ३.५ मीटरचं स्वयंपाकघर, उंची २.४ मीटर, म्हणजे २५ घनमीटर हवा. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता आधीच ५० टक्के असेल तर आणखी सव्वादोनशे ग्रॅमला पण जागा नाही. भांडं मिनिटाला ५० ग्रॅम सोडतंय. साडेचार मिनिटांत खोली भरली. पुढचं सगळं पाणी काचेवर, फरश्यांवर, छतावर आणि भिंतीच्या गार कोपऱ्यांत.

प्रत्यक्षात तेवढाही वेळ मिळत नाही. बाहेर ५ अंश आणि आत २० असेल तर साध्या दुहेरी काचेची आतली बाजू १४-१५ अंशांच्या आसपास असते. खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की त्या काचेवर दव धरतं. एकेरी काच असेल तर ५० टक्क्यांनाच सुरुवात.

पंख्याचा हिशोब लोक कधीच करत नाहीत. बाथरूमचा नेहमीचा १०० मिमीचा पंखा तासाला ८५ घनमीटर हवा बाहेर फेकतो. खोलीतल्या ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला साडेदहा ग्रॅम बाष्प असतं, आणि तिच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या गार हवेत सहा ग्रॅम. म्हणजे निव्वळ साडेचार ग्रॅम बाहेर गेलं. तासाला पावणेचारशे ग्रॅम. तीन हजार ग्रॅम येतंय आणि त्याचा आठवा भाग जातोय.

तीच वाफ खोलीत पसरण्याआधी भांड्यावर पकडली तर चित्र पालटतं. झाकणवजा हूडखालच्या ३५ अंशांच्या ओथंबलेल्या हवेत घनमीटरला जवळपास ४० ग्रॅम पाणी असतं. पंखा तोच, पण प्रत्येक घनमीटरमागे सात-आठ पट पाणी बाहेर. म्हणून पंखा किती मोठा घ्यायचा हा प्रश्न दुसरा; तो तोंड कुठे लावून हवा ओढतो हा पहिला.

## टप्पा १: जागा ठरवा (आदल्या दिवशी)

१. बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीपासून दोन मीटरच्या आत भांडं ठेवता येईल अशी जागा शोधा. वर कपाट नको. कपाटाखाली भांडं ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक: चिपबोर्डची खालची कड एका हिवाळ्यात फुगते आणि मग ती परत बसत नाही.

२. चुलीवरची चिमणी हवा खरंच बाहेर टाकते का ते पाहा. ब्रिटनमधल्या बऱ्याच फ्लॅटांत ती कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून परत खोलीतच सोडते. तेलाचा वास थोडा कमी होतो, पण वाफ जशीच्या तशी परत येते. चिमणी चालू करून तिच्या वरच्या किंवा पुढच्या फटींसमोर हात धरा. वारा लागला तर ती आपल्या कामाची नाही. नळी बाहेर जात असेल तर उत्तम. इंग्लंडचे बांधकाम नियम चुलीलगतच्या चिमणीसाठी सेकंदाला ३० लिटर, म्हणजे तासाला १०८ घनमीटर, एवढी किमान क्षमता मागतात. बेतशीर ताकदीवर उकळलं आणि भांडं बरोबर तिच्याखाली ठेवलं तर तेवढ्यात बरंच भागतं.

३. भांड्याच्या वर जे काही आहे ते पुसून घ्या. आपल्या घरात रोज फोडणी होते, त्यामुळे चिमणीच्या जाळीवर आणि कपाटांच्या वरच्या कडेला तेल-हळदीचा एक चिकट थर बसलेला असतो. तासभर वाफ लागली की तो सुटतो आणि पिवळे ओघळ खाली येतात, नेमके उघड्या वर्टमध्ये. तेल पडलेल्या बिअरला फेस टिकत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण, आणि जाळी रात्रभर वाळवलेली, एवढं पुरे.

४. भिंतीला लागून ठेवलेली खोकी, पुस्तकं, पिठाचे डबे हलवा. फर्निचर भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा.

*तपासा:* दोन साधे आर्द्रतामापक घ्या. एक स्वयंपाकघरात भांड्यापासून लांब, दुसरा बेडरूममध्ये. सुरुवातीचे आकडे लिहून ठेवा. बेडरूमचा आकडा हाच तुमच्या सगळ्या व्यवस्थेचा निकाल आहे.

## टप्पा २: वाफ कमी करा

याला पैसे लागत नाहीत, आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

१. पाणी गरम करताना झाकण ठेवा. मॅशचं (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवायचं) पाणी तापवताना, ६५-६७ अंशांवर तासभर मॅश करताना, आणि मॅशनंतर वर्ट उकळीपर्यंत नेताना झाकण पूर्ण बंद असायला काहीच हरकत नाही. डायमिथाइल सल्फाइडची (बिअरला उकडलेल्या मक्याचा वास आणणाऱ्या रसायनाची) भीती इथे अस्थानी आहे, कारण जे तयार होतं ते पुढच्या उघड्या उकळीत उडून जातं. मात्र ९५ अंशांच्या पुढे झाकण काढायचं. का ते पुढे येईल.

२. उकळी फुटली की ताकद कमी करा. वर्ट खळखळून उसळलं पाहिजे ही समजूत जुन्या मोठ्या भट्ट्यांकडून आली असावी. पृष्ठभाग सतत हलता राहिला, मधून वर आलेलं वर्ट कडेने खाली जाताना दिसलं की झालं. तासाला सहा ते दहा टक्के घट पुरेशी असते. २७ लिटरला सहा टक्के म्हणजे साधारण १.६ लिटर. वाफ जवळपास निम्मी झाली, तीही फक्त एक बटण दाबून. ग्रेनफादर, ब्रूझिला यांसारख्या सगळ्या-एकात यंत्रांवर ताकद टक्क्यांत लावता येते. ६० पासून सुरू करून पाहा.

३. झाकण दोन तृतीयांश ओढून घेतलं तर आणखी कमी ताकदीत उकळी टिकते. पण झाकण तिरकं ठेवा, त्याची खालची कड भांड्याबाहेर येऊ द्या. झाकणावर जमलेलं पाणी परत आत टपकत राहिलं तर उडवायचं ते डायमिथाइल सल्फाइड आपणच परत घालतोय.

४. पाककृती नव्या घटीप्रमाणे बदला. कमी पाणी उडणार म्हणजे सुरुवातीला कमी पाणी घ्यायचं. हे विसरलात तर बिअर पातळ होते आणि दोष माल्टला दिला जातो.

५. उकळीचा वेळ माल्ट पाहून ठरवा. पेल एल माल्टला ६० मिनिटं पुरतात. पिल्सनर माल्टमध्ये एस-मिथाइल मेथिओनिन जास्त असतं, त्यापासूनच उकडलेल्या मक्याच्या वासाचं ते सल्फाइड तयार होतं, आणि उकळत्या तापमानाला हे मेथिओनिन निम्मं व्हायला ४० मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणून पिल्सनरला ९० मिनिटं. ऐन जानेवारीत छोट्या फ्लॅटात उकळायचं असेल तर पेल एल करा आणि पिल्सनर मे महिन्यावर ढकला. हे माझं मत, पण भिंती माझ्या बाजूने आहेत.

*इशारा:* वाफ टाळायला उकळीत झाकण पूर्ण बंद ठेवायचं, हा सल्ला ऐकू नका. त्यासाठी कंडेन्सर लागतो (टप्पा ५).

## टप्पा ३: भांड्यावर हूड, खिडकीत नळी

ज्यांना भिंतीत भोक पाडता येत नाही, म्हणजे भाड्याच्या घरातले जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी खिडकीत बसणारी काढघालीची व्यवस्था सांगतो.

खिडकीची फळी. उघडणाऱ्या खिडकीच्या चौकटीत घट्ट बसेल अशी ५० मिमी जाडीची फोम-इन्सुलेशनची फळी कापा (दोन्ही बाजूंना चकचकीत फॉइल असलेली मिळते). तिच्यात १५० मिमीचं गोल भोक पाडून डक्टची कॉलर बसवा, बाहेरच्या तोंडाला वाऱ्याने उलटी हवा येऊ नये म्हणून पडदी. कडांना फोमची पट्टी चिकटवा. प्लायवुडही चालतं, पण ते गार पडतं आणि आतून ओलं होतं.

पंखा. १५० मिमीचा इनलाइन (नळीतच बसणारा) पंखा, खोक्यावर तासाला ४००-५५० घनमीटर लिहिलेला. नळी आणि वळणं जोडली की प्रत्यक्ष आकडा बराच खाली येतो, म्हणून नेमका पुरेल असा घेऊ नका. पंखा खिडकीच्या टोकाला लावा, भांड्याच्या टोकाला नाही. म्हणजे नळीच्या सांध्यांतून वाफ खोलीत निसटण्याऐवजी खोलीची हवा नळीत ओढली जाते, आणि मोटरही तुलनेने थंड राहते. ओल्या जागेत चालणारा, आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचा घ्या.

नळी. ॲल्युमिनियमची अर्धकडक नळी, शक्य तितकी छोटी, एकच वळण. पांढरी मऊ पीव्हीसी नळी स्वस्त मिळते पण तिला झोळ पडतो. झोळात पाणी साचतं, अर्ध्या तासात तोंड निम्मं बंद होतं, आणि पंखा नुसता घुरघुरत राहतो. तेव्हा दोष पंख्याचा वाटतो.

उतार. हाच या टप्प्याचा जीव आहे. नळीत वाफेचं पाणी होणारच, प्रश्न फक्त ते कुठे वाहतं हा. हूडपासून नळी थोडी वर न्या आणि तिथून खिडकीकडे सलग उतरती ठेवा, म्हणजे पाणी बाहेर जाईल. हूडकडून वर जाणाऱ्या भागातलं पाणी मात्र परत हूडमध्येच येतं. म्हणून नळी हूडच्या मधोमध वरून काढायची नाही, एका बाजूने काढायची, आणि ती बाजू भांड्याच्या काठाबाहेर असली पाहिजे. त्या भागावर इन्सुलेशन गुंडाळलं तर थेंबच कमी होतात.

हूड. स्टीलचं मोठं उथळ पातेलं किंवा खोल परात उलटी टांगली तरी काम होतं. त्याच फोमच्या फळीची चौकोनी पेटी केली तर अधिक चांगलं, कारण ती आतून गार पडत नाही. हूड भांड्यापेक्षा सगळीकडून दहा सेंटीमीटर मोठं, आणि काठापासून ३० सेंटीमीटरच्या आसपास वर. त्याहून वर नेलं तर वाफ बाजूने निसटते. त्याहून खाली आणलं तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि दूध उतू जातं तसं वर्टही तुमची पाठ वळायचीच वाट बघत असतं. आतल्या कडेला सगळीकडून ॲल्युमिनियमची एक छोटी पन्हळ चिकटवा, तिचा उतार एका कोपऱ्याकडे, कोपऱ्याखाली वाटी. हूडच्या आत जमलेलं पाणी भिंतीवरून ओघळत पन्हळीत येईल आणि वर्टमध्ये पडणार नाही.

*तपासा:* आधी नुसतं साधं पाणी पंधरा मिनिटं उकळून पाहा. वाटीत पाणी जमतंय का? नळीच्या बाहेरच्या तोंडातून वाफ ठळक दिसतेय का? हूडच्या कडेखालून वाफ निसटत असेल तर आधी ताकद कमी करा, मग हूड खाली आणा. पंखा बदलणं हा शेवटचा उपाय.

*इशारा:* बाहेर पडणाऱ्या वाफेला माल्ट आणि हॉप्सचा (उकळीत घालायच्या कडवट फुलांचा) दणदणीत वास असतो. नळीचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीखाली येत असेल तर आधी बोलून घ्या.

## टप्पा ४: आत येणाऱ्या हवेला वाट द्या

पंखा बाहेर जेवढी हवा फेकतो तेवढी आत यावीच लागते. वाट नसेल तर पंखा फिरतो पण हवा हलत नाही.

१५० मिमी नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर. आत येणारी फट निदान तेवढी हवी. ६० सेंटीमीटर रुंदीची खिडकी चार सेंटीमीटर उघडली की २४० होतात, काम झालं. पण ती खिडकी दुसऱ्या खोलीतली हवी, आणि स्वयंपाकघराचं दार किंचित किलकिलं. हवा हॉलकडून स्वयंपाकघरात आणि तिथून बाहेर अशी वाहिली पाहिजे. स्वयंपाकघराचीच दुसरी खिडकी उघडली तर पंखा तिचीच हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि वारा आला की वाफ घरात ढकलली जाते.

बाहेर पाऊस पडतोय, खिडकी उघडली तर आणखी दमट हवा येईल, ही तक्रार हमखास येते. मुंबईच्या जुलैत ती खरी आहे, लीड्सच्या जानेवारीत नाही. ५ अंशांच्या पावसाळी हवेतही घनमीटरला सहा-साडेसहा ग्रॅमच बाष्प असतं. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर येते. फक्त घर तापलेलं हवं, म्हणून त्या दिवशी हीटिंग बंद करू नका.

*तपासा:* पंखा चालू करून दाराच्या फटीपाशी पेटती अगरबत्ती धरा. धूर स्वयंपाकघराकडे ओढला गेला पाहिजे. मग हूडच्या चारही कडांपाशी धरा, धूर आत वळला पाहिजे. एखाद्या बाजूला तो बाहेर सरकत असेल तर त्या बाजूला वाऱ्याचा झोत आहे; तिथे पुठ्ठ्याचा आडोसा लावा.

### गॅसवर उकळणाऱ्यांसाठी

गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की साधारण १.६ किलो पाणी. म्हणजे तुमच्या वाफेत आणखी भर. शक्य असेल तर विजेवर या.

*इशारा:* बाहेरच्या वापरासाठी असलेली प्रोपेनची मोठी शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा कन्झर्व्हेटरीत कधीही पेटवू नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात लाकडाचा स्टोव्ह किंवा खोलीतली हवा घेऊन जळणारा जुना हीटर असेल तर जोरदार पंखा त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. त्या दिवशी तो पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असावा.

## टप्पा ५: नळी शक्यच नसेल तर कंडेन्सर

खिडकी उघडतच नाही, किंवा चौथ्या मजल्यावरून नळी बाहेर काढायची परवानगी नाही, तर वाफेला भांड्यावरच पाणी करायचं. झाकणाला टी-आकाराचा पाइप बसतो. त्याच्या आत बारीक फवारा. वाफ फवाऱ्यात आली की गार पाण्यात विरघळून खालच्या नळीने सिंकमध्ये जाते. वाफ आकसते म्हणून पाइपमध्ये हलकी ओढ तयार होते, त्यामुळे झाकण बंद असूनही डायमिथाइल सल्फाइड परत भांड्यात पडत नाही, निचऱ्याच्या पाण्यासोबत निघून जातं. झाकण बंद असल्यामुळे किलोवॅट-सव्वा किलोवॅटवरही उकळी टिकते.

किंमत पाण्यात मोजायची: तासाला वीस-पंचवीस लिटर. ते बादलीत जमवा, यंत्र धुवायला वापरा.

१. निचऱ्याची नळी कंडेन्सरपासून सिंकपर्यंत सलग उतरती हवी. मध्ये चढ आला तर पाणी साचून उलटं भांड्यात येतं आणि वर्ट पातळ होतं.
२. नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवू नका, मोकळं टांगा.
३. भांड्यात वर निदान एक चतुर्थांश जागा रिकामी ठेवा. फेस कंडेन्सरमध्ये शिरला की निचरा तुंबतो.
४. आधी पाणी चालू, मग झाकण. संपवताना आधी कॉइल बंद, लगेच झाकण उघडा, मग पाणी बंद. उलट केलं तर दोन धोके: वाफ कोंडली जाते, किंवा गार होताना आत पोकळी तयार होऊन पातळ पत्र्याचं भांडं आत चेपतं.

*तपासा:* निचऱ्यातून वाफ येतेय? फवाऱ्याचं पाणी कमी पडतंय किंवा ताकद जास्त आहे. पाणी कोमट ते गरम आणि वाफ शून्य, हे बरोबर.

## टप्पा ६: प्रत्यक्ष दिवसाचा क्रम

पंखा उकळी फुटल्यावर लावायचा नसतो. वर्ट ८० अंशांना पोचलं की लावा, म्हणजे हवेचा प्रवाह आधीच बसलेला असतो.

वीज आधी तपासा. २.४ किलोवॅट म्हणजे साडेदहा अँपिअर, ३ किलोवॅट म्हणजे पूर्ण १३. त्याच डबल सॉकेटवर चहाची किटली किंवा डीह्युमिडिफायर लावू नका. एक्स्टेंशन रीळ वापरणं टाळा, वापरलंच तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तार तापते. सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. आणि केबल सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगात जाणार नाही.

९५ अंशांना झाकण काढा. लांबची कड आधी उचला, वाफ तुमच्या विरुद्ध दिशेला जाऊ द्या, आणि झाकण तसंच तिरकं धरून सिंकवर नेऊन निथळवा. पहिला फेस याच वेळी चढतो. ताकद खाली घ्या, पाण्याची स्प्रे बाटली हाताशी ठेवा. फेस बसला की हॉप्स घाला, पुन्हा थोडा चढेल. तो बसल्यावरच हूड जागेवर आणा. हूड आधीच खाली असेल तर उतू गेलेलं वर्ट कट्ट्यावरून खाली आल्यावरच कळतं.

हॉप्स घालायला दर वेळी पंखा बंद करायची गरज नाही. हूडच्या बाजूने हात घाला, बाही वर करून.

हॉलमधला स्मोक अलार्म वाफेनेही वाजतो. बॅटरी काढायची नाही, वर पिशवी बांधायची नाही. स्वयंपाकघराचं दार फटीपुरतंच ठेवलं आणि हवा आत ओढली जात असली तर तो वाजत नाही. वाजलाच तर तुमची हवा उलटी वाहतेय. टप्पा ४ पुन्हा करा.

## टप्पा ७: उकळी बंद झाल्यानंतरची वाफ

इथे लोक पंखा बंद करून हुश्श करतात, आणि उरलेली निम्मी ओल याच तासात घरात जाते.

पंखा वर्ट ६० अंशांखाली येईपर्यंत चालू ठेवा. कॉइल चिलरमधून (वर्ट गार करायला त्यात बुडवायची, आतून गार पाणी फिरणारी नळी) सुरुवातीला निघणारं पाणी चांगलंच कडक असतं; ते उघड्या सिंकमध्ये सोडलं तर सिंकच दुसरं भांडं बनतो. नळी झाकणाच्या बादलीत घाला. तेच पाणी नंतर धुण्याला. चिलरची गार बाजू आणि नळ यांना बाहेरून घाम येतो. त्याचे थेंब फर्मेंटरच्या झाकणावर किंवा उघड्या वर्टमध्ये जाणार नाहीत अशी नळी फिरवा, एक कोरडं फडकं गुंडाळून ठेवा.

पाच किलो माल्ट वापरला असेल तर उरलेल्या चोथ्यात चार-पाच लिटर गरम पाणी अडकलेलं असतं. हा चोथा टोपलीसकट कट्ट्यावर तासन्‌तास वाफाळत पडलेला असतो आणि कुणी त्याच्याकडे पाहतही नाही. झाकणाच्या डब्यात भरा आणि लगेच बाहेर न्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत आत राहिला तर आंबटही होतो, तो वास वेगळा. कुत्रा असेल तर हॉप्स लागलेला गाळ त्याच्यापासून लांब ठेवा, कुत्र्यांना हॉप्स विषारी आहेत.

यंत्र धुताना पाणी कोमट घ्या. उकळत्या पाण्याने कट्टा धुणं म्हणजे सगळी मेहनत परत हवेत.

## टप्पा ८: उरलेलं पुसा, मग वाळवा

काचेवरचं पाणी आपोआप सुकू देणं म्हणजे ते परत हवेत सोडणं. खिडक्या, फरश्या, कपाटांच्या खालच्या कडा मायक्रोफायबरच्या फडक्याने किंवा काच पुसायच्या छोट्या व्हॅक्यूमने कोरड्या करा. फडकी पिळून बाहेर वाळत घाला, रेडिएटरवर नाही. पंखा आणखी अर्धा तास चालू, हीटिंग चालू, दार फटीपुरतं.

डीह्युमिडिफायरची वेळ आता आली. खोक्यावर दिवसाला १२ लिटर लिहिलेलं यंत्र उष्ण आणि दमट हवेत तासाला अर्धा लिटर ओढतं. २० अंशांच्या खोलीत त्याहून बरंच कमी. तासाला तीन लिटर वाफेपुढे त्याचा टिकाव लागणार नाही, पण उरलेली शे-दोनशे ग्रॅम ओल ते संध्याकाळपर्यंत काढतं. न तापवलेल्या गॅरेजात किंवा युटिलिटी रूममध्ये १५ अंशांखाली कॉम्प्रेसरचं यंत्र मंदावतं, तिथे डेसिकंट प्रकारचं (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं) घ्या. चालू असताना खिडक्या बंद, नाहीतर ते बाहेरच्या जगाला वाळवत बसतं.

*तपासा:* दोन तासांनी स्वयंपाकघर ६० टक्क्यांखाली यायला हवं. बेडरूमचा आकडा सकाळच्यापेक्षा पाचाहून जास्त टक्क्यांनी चढलेला असेल तर वाफ घरात गेली आहे. मग पुढच्या वेळी याच क्रमाने शोधा: ताकद जास्त होती का, हूडची एखादी कड सुटली का, हवेची दिशा उलटी होती का.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन तीन जागा पाहा: छत आणि बाहेरच्या भिंतीचा वरचा कोपरा, कपाटामागची भिंत, खिडकीची खालची रबरी पट्टी. बोट लावून गार-ओलसर लागली की त्या जागेत हवा पोचत नाही. ठिपके दिसले तर बुरशीनाशकाने त्याच दिवशी पुसा. ब्लीच वापरत असाल तर दुसरं कुठलंही क्लीनर त्यात मिसळू नका. दोन बॅचनंतरही तोच कोपरा ओला राहत असेल तर त्या खोलीत हिवाळ्यात पूर्ण बॅच उकळायची नाही. दहा लिटरची अर्धी बॅच करा, किंवा एक्स्ट्रॅक्टवर (माल्टच्या तयार अर्कावर) या, ज्यात हॉप्सपुरते पाच-सहा लिटर उकळून बाकीचं गार पाणी वरून घालता येतं.